पोलादावरील साक्ष

सही आणि शिक्का यांत भेद आहे. सही करणारा 'हे माझे' असे म्हणतो. शिक्का मारणारा अधिकारी 'हे मी पाहिले' एवढेच म्हणतो. वकिलीच्या व्यवसायात हा भेद नित्य पाळावा लागतो. जुन्या जर्मन लष्करी रायफलींवरील ठसे वाचतानाही तोच ध्यानी ठेवावा, असे आम्हांस वाटते. संग्राहक मंडळी या ठशांवरून बहुधा वस्तूची किंमत ठरवितात. आमचे कुतूहल निराळे आहे. राज्य आपल्या शस्त्रावर काय लिहिते आणि काय लिहावयाचे टाळते, हे त्यांवरून उमगते.

कैसरच्या अमदानीपासून आरंभ करू. 1898 मध्ये जर्मन सैन्याने माउझर पद्धतीची 'गेवेर 98' ही रायफल स्वीकारली. नळीच्या बुडाशी जे पोलादी कडे असते, त्याच्या माथ्यावर मुकुट, कारखान्याचे नाव आणि निर्मितीचे साल असे. श्पांडाउ, एरफुर्ट व डान्झिग ही प्रशियाची सरकारी शस्त्रागारे. आम्बेर्ग हे बव्हेरियाचे. रायफल खाजगी कारखान्यातली असेल, तर 'वाफेनफाब्रिक माउझर, ओबर्नडोर्फ' असे त्याचे नाव येई. कड्याच्या उजव्या अंगास लहान मुकुट व त्याखाली एकेक गॉथिक अक्षर, असे ठसे ओळीने दिसतात. ते तपासनिसांचे होत. अक्षर बहुधा तपासनिसाच्या आडनावाचे आद्याक्षर असे. लहानसहान भागांवरही असे ठसे आढळतात. निर्माता नावानिशी आणि तपासनीस आद्याक्षरानिशी उत्तरदायी, अशी ही व्यवस्था होती.

गोमंतकीय वाचकांस एक उदाहरण जवळचे वाटेल. 1904 मध्ये पोर्तुगालने माउझर-व्हेर्गेइरो ही रायफल स्वीकारली. ती बर्लिनच्या 'डॉइचे वाफेन उंट मुनित्सिओन्सफाब्रिकेन' या कारखान्यात तयार झाली. कारखान्याचे नाव बाजूस आहे. कड्यावर मात्र राजा पहिला कार्लुश याची मुकुटांकित मुद्रा आहे. 1908 मध्ये त्या राजाची हत्या झाली, 1910 मध्ये राजसत्ताही लयास गेली. पोलादावरील मुद्रा तेवढी उरली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या रायफलींवर एक आकडा नवख्यास हमखास चकवितो. कड्यावर 1917 असे साल असते, आणि त्याच्या जवळच 1920 असेही साल दिसते. हे दुसरे साल निर्मितीचे नव्हे. 1919 च्या व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्य एक लाखावर आणले. त्या सैन्याच्या मालकीची शस्त्रे ओळखू यावीत, म्हणून जुन्या शस्त्रांवर 1920 हा ठसा मारला गेला. खरेदीखत लिहिल्याची तारीख व नोंदणीची तारीख एक मानणाऱ्याची जी फसगत होते, तीच येथे होते.

त्याच तहाने शस्त्रनिर्मिती ठराविक कारखान्यांपुरती मर्यादित केली. रायफलींचे काम झूल गावच्या झिमझोन अँड कंपनीकडे आले. मालक कुटुंब ज्यू होते. नाझी राजवट आल्यावर 1935 च्या सुमारास कारखाना त्यांच्या हातून हिरावला गेला आणि कुटुंबास देश सोडावा लागला. पुढील रायफलींवर झिमझोन हे नाव नाही. त्या जागी प्रथम 'बी-एस-डब्ल्यू' ही अक्षरे आली. पुढे ती मालमत्ता नाझी पक्षाच्या गुस्टलॉफ प्रतिष्ठानात विलीन झाली. ज्याला न्यायालयात दाद मिळाली नाही, असा हा ताबाबदल. ठसे ओळीने मांडले की तो उघड दिसतो.

दरम्यान नावे लिहिण्याची रीतच बंद पडत चालली होती. 1934 मध्ये माउझरच्या ओबर्नडोर्फ कारखान्याने 'एस/42' हा संकेत घेतला. सालाऐवजी 1934 साठी 'के' आणि 1935 साठी 'जी' ही अक्षरे आली. तहाचा भंग आकड्यांतून दिसू नये, हा त्यातील डाव. 1936 पासून साल उघड लिहिले जाऊ लागले. युद्धकाळात तीन अक्षरांचे संकेत रूढ झाले: 'बी-वाय-एफ' म्हणजे ओबर्नडोर्फ, 'बी-सी-डी' म्हणजे वायमारचा गुस्टलॉफ कारखाना, 'डी-ओ-टी' म्हणजे जर्मनांनी बळकावलेला ब्रनोचा चेक कारखाना.

तपासनिसाचेही तेच झाले. मुकुट व आद्याक्षर जाऊन गरुड व अंक आला. 63 हा अंक युद्धापूर्वी ओबर्नडोर्फच्या रायफलींवर दिसतो, आणि युद्धकाळात ब्रनोच्या रायफलींवरही. कारण तो अंक कारखान्याचा नव्हे, तपासणी करणाऱ्या कचेरीचा होता. म्हणून एकट्या अंकावरून कारखाना ठरवू नये. निर्मात्याचा संकेत, साल व अनुक्रमांक यांच्याशी ताडून पाहावे. एका साक्षीदारावर निकाल न देण्याचा संकेत येथेही हितकर आहे.

आता या साक्षीची मर्यादा. 1943 पासून बुखेनवाल्ड छळछावणीला लागून गुस्टलॉफचा कारखाना चालू झाला आणि तेथे कैद्यांकडून रायफलींचे भाग बनवून घेण्यात आले. 24 ऑगस्ट 1944 च्या बॉम्बवर्षावात तो कारखाना उद्ध्वस्त झाला. कैदीही मारले गेले. तपासणीचा ठसा भाग मापात आहे एवढे सांगतो. तो कोणाच्या उपाशी हातांनी घडला, याचा ठसा कोणत्याही पोलादावर नाही.

शस्त्रे मात्र पुढे चालत राहिली. 1948 मध्ये चेकोस्लोव्हाकियातून इस्रायलला पोहोचलेल्या रायफलींत जर्मन बनावटीच्याही होत्या. त्यांपैकी काहींवर गरुडाच्या सोबतीस दाविदाच्या ताऱ्यातील हिब्रू अक्षर उमटलेले आढळते. मारणारे व मारले जाणारे यांचे शिक्के एकाच कड्यावर यावेत, यावर भाष्य करण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

यास्तव अशी रायफल वस्तुसंग्रहालयात पाहणाऱ्यास आमची एवढीच सूचना आहे: ठसे आधी नीट वाचावेत. मग झिमझोनचे पुसलेले नाव आणि बुखेनवाल्डचे न उमटलेले हात, यांचीही नोंद त्यांच्याच शेजारी करावी.