घरी असलेल्या ज्येष्ठांचे पोषण कसे तपासावे?

हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागतात, कवळी सैल होते, ताटात भाकरी उरते. घरात मात्र 'वय झाले की माणूस वाळतोच' असे म्हणून विषय संपतो. वयस्कर माणसाचे नकळत वजन घटणे हा वयाचा भाग मानून सोडून देऊ नये. सुई न टोचता, वजनकाटा, शिंप्याची टेप आणि एक वही यांच्या मदतीने ते वेळीच ओळखता येते.

वजन
महिन्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, शक्यतो त्याच काट्यावर आणि तशाच हलक्या कपड्यांत वजन करा. प्रयत्न न करता एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन कमी होणे ही धोक्याची खूण आहे. म्हणजे ६० किलोच्या आजी महिन्याभरात ५७ किलोवर आल्या, तर डॉक्टरांना दाखवावे.

पोटरीचा घेर
काट्यावर उभे राहता येत नसेल तर टेप उपयोगी पडते. गुडघा काटकोनात ठेवून पोटरीच्या सर्वांत जाड भागाभोवती टेप गुंडाळा. ती त्वचेला टेकावी, पण रुतू नये. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीचा गुडघा वाकवून झोपूनही माप घेता येते. ज्येष्ठांसाठीच्या 'मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट' या प्रश्नावलीत ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर कुपोषणाकडे बोट दाखवणारा मानला जातो.

दंडाचा घेर
खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करा. हात सैल सोडून तिथला घेर मोजा. तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास वजन उंचीच्या मानाने कमी असण्याची शक्यता असते.

ताट आणि हालचाल
गेल्या तीन महिन्यांत जेवण कमी झाले का? चावायला, गिळायला त्रास होतो का? खुर्चीतून उठताना पूर्वीपेक्षा जास्त आधार लागतो का? अलीकडे मोठे आजारपण किंवा मनाला धक्का बसला का? विस्मरण, उदासी आहे का? उत्तरे तारखेसह लिहून ठेवा.

इथे फसगत होते
पायांवर सूज असेल तर अंगातल्या पाण्यामुळे वजन आणि पोटरीचा घेर जास्त भरतो. खरी झीज झाकली जाते. घोट्याजवळ बोटाने काही सेकंद दाबून खड्डा राहतो का ते पाहा. राहत असेल तर दंडाच्या मापावर भर द्या आणि सूज डॉक्टरांना दाखवा. तसेच स्थूल व्यक्तीचे स्नायूही झिजू शकतात, त्यामुळे 'अंगाने भरलेले आहेत' म्हणून निश्चिंत राहू नका.

नोंद का ठेवायची?
एकाच मापावरून निदान होत नाही. त्याच बाजूचे, त्याच पद्धतीने, शक्यतो त्याच व्यक्तीने घेतलेले माप दर महिन्याला घसरत असेल, तर ती वही डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवा. प्रथिनांची पावडर स्वतःहून सुरू करू नका. मूत्रपिंडाचा आजार असल्यास ती अपायकारक ठरू शकते. गिळताना ठसका लागत असेल किंवा जेवण जवळजवळ बंद झाले असेल, तर पुढच्या महिन्याच्या मापाची वाट पाहू नका.