केम्पेस, मार्यो आल्बेर्तो
(१५ जुलै १९५४ –   ). अर्जेंटिनाचा विख्यात फुटबॉलपटू व १९७८ च्या विश्वकरंडक स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा आघाडीचा खेळाडू. त्याचा जन्म कॉर्दोबा प्रांतातील बेल व्हिल या गावी झाला. हे गाव फुटबॉलच्या चेंडूंच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध असून, बाहेरून वादीने आवळावा न लागणारा व झडपेतून हवा भरता येणारा चेंडू १९३१ च्या सुमारास येथील तीन रहिवाशांनी तयार केला होता. वडील स्वतः फुटबॉल खेळत असल्यामुळे केम्पेसला लहानपणापासूनच या खेळाची गोडी लागली.

कॉर्दोबा शहरातील इन्स्तितूतो या क्लबाकडून त्याच्या व्यावसायिक कारकीर्दीस प्रारंभ झाला. पुढे राष्ट्रीय संघात त्याचा सहकारी ठरलेला ओस्वाल्दो आर्दिलेस हा या क्लबातही त्याच्यासोबत खेळत असे. १९७३ मध्ये केम्पेसची राष्ट्रीय संघात निवड झाली. १९७४ मध्ये तो रोसार्यो सेंत्रल या क्लबात दाखल झाला आणि तेथे अडीच वर्षांत त्याने ८० हून अधिक गोल केले. उंच बांधा, लांब ढांगा, मानेवर रुळणारे केस आणि डाव्या पायाचा जोरकस फटका ही त्याची वैशिष्ट्ये होत. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलापाशी चेंडूची वाट पाहत थांबण्यापेक्षा मैदानाच्या मध्यभागातून चेंडू घेऊन बचावफळीवर सरळ धावून जाणे त्याला अधिक मानवत असे. १९७४ च्या पश्चिम जर्मनीतील विश्वकरंडक स्पर्धेत मात्र त्याला एकही गोल करता आला नाही.

१९७६ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया क्लबाने त्याला करारबद्ध केले. पहिल्या दोन हंगामांत अनुक्रमे २४ व २८ गोल नोंदवून तो लागोपाठ दोनदा स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. अर्जेंटिनाचा प्रशिक्षक सेसार लुईस मेनोती याने १९७८ च्या संघासाठी मायदेशी खेळणाऱ्या खेळाडूंवरच भिस्त ठेवली होती. परदेशी क्लबातून निवडला गेलेला केम्पेस हा त्या संघातील एकमेव खेळाडू होय. सतरा वर्षांच्या दिएगो मारादोनाला त्या वेळी वगळण्यात आले.

या स्पर्धेचे यजमानपद अर्जेंटिनाला १९६६ मध्येच मिळाले होते. तथापि प्रत्यक्ष स्पर्धा भरली, ती लष्करी राजवटीत. २४ मार्च १९७६ रोजी जनरल होर्हे राफाएल व्हिडेला याच्या नेतृत्वाखाली लष्कराने सत्ता बळकावली. त्यानंतर राजकीय विरोधक, कामगार पुढारी, विद्यार्थी इत्यादींना गुप्तपणे पकडून नेणे, त्यांचा छळ करणे व त्यांना ठार मारणे हे सर्रास सुरू झाले. या राजवटीत नाहीशा झालेल्यांपैकी सु. ९,००० व्यक्तींची नोंद लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने १९८४ मध्ये केली. मानवी हक्क संघटनांच्या मते हा आकडा ३०,००० आहे. देशाची प्रतिमा उजळ करण्याचे साधन म्हणून राजवटीने या स्पर्धेकडे पाहिले आणि तीवर मोठा खर्च केला. फ्रान्स, नेदर्लंड्स इ. देशांत स्पर्धेवर बहिष्कार घालण्यासाठी चळवळी झाल्या. परंतु पात्र ठरलेल्यांपैकी एकाही संघाने माघार घेतली नाही. नाहीशा झालेल्या तरुणांच्या माता १९७७ पासून ब्वेनस एअरीझमधील प्लासा दे मायो या चौकात एकत्र येत. स्पर्धेच्या उद्‌घाटनाच्या दिवशीही त्या तेथे होत्या आणि परदेशी वार्ताहरांनी त्यांची व्यथा जगापुढे मांडली.

पहिल्या फेरीत अर्जेंटिनाने हंगेरी व फ्रान्स यांना प्रत्येकी २–१ असे नमविले. पण इटलीकडून ०–१ अशी हार पत्करावी लागली. या तिन्ही सामन्यांत केम्पेसच्या नावावर एकही गोल लागला नाही. गटात दुसरा क्रमांक आल्याने संघाला पुढील फेरीसाठी राजधानी सोडून रोसार्यो येथे जावे लागले. केम्पेसच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच ठरली; कारण तेथील मैदान त्याच्या जुन्या क्लबाचे होते. १४ जून रोजी पोलंडविरुद्ध त्याने दोन्ही गोल केले. त्याच सामन्यात गोलात शिरणारा चेंडू त्याने हाताने अडविला. आजच्या नियमानुसार अशा खेळाडूस मैदान सोडावे लागते. त्या काळी तसा दंडक नव्हता. मिळालेली पेनल्टी किक पोलंडचा कर्णधार डेना याने मारली, पण गोलरक्षक फियोलने ती थोपविली.

ब्राझीलविरुद्धचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. २१ जून रोजी ब्राझीलने पोलंडला ३–१ असे हरविल्यानंतर अर्जेंटिना व पेरू यांचा सामना झाला. त्यामुळे अंतिम फेरी गाठण्यासाठी किमान चार गोलांच्या फरकाने जिंकणे आवश्यक आहे, हे अर्जेंटिनाला आधीच ठाऊक होते. अर्जेंटिनाने ६–० असा विजय मिळविला. त्यातील दोन गोल केम्पेसचे होते. पेरूचा गोलरक्षक रामोन किरोगा मूळचा रोसार्योचा असल्याने आणि दोन्ही देशांत लष्करी सरकारे असल्याने हा निकाल आधीच ठरविण्यात आला होता, असा आरोप वारंवार झाला. तथापि त्याचा निर्णायक पुरावा पुढे आलेला नाही.

अंतिम सामना २५ जून १९७८ रोजी ब्वेनस एअरीझच्या रिव्हर प्लेट मैदानावर नेदर्लंड्सविरुद्ध झाला. ३८ व्या मिनिटास केम्पेसने पहिला गोल केला. ८२ व्या मिनिटास नानिंगाने नेदर्लंड्सला बरोबरी साधून दिली. निर्धारित वेळ संपत असताना रेन्सेनब्रिंकचा फटका गोलखांबावर आदळला. तो गोल झाला असता, तर विश्वकरंडक नेदर्लंड्सकडे जाण्याचा संभव होता आणि सर्वाधिक गोलांचा मानही रेन्सेनब्रिंकला मिळाला असता. जादा वेळेच्या पूर्वार्धाअखेर केम्पेस बचावफळी भेदून आत शिरला. गोलरक्षकाच्या अंगावरून उसळलेला चेंडू त्याने गोलात ढकलला. त्यानंतर बेर्तोनीने तिसरा गोल करून ३–१ असा विजय निश्चित केला. सहा गोलांसह केम्पेस स्पर्धेत अग्रस्थानी राहिला. अर्जेंटिनाचे हे पहिलेच विश्वविजेतेपद होय. करंडक व्हिडेलाच्या हस्ते कर्णधार पासारेला यास देण्यात आला.

या मैदानाच्या जवळच नौदलाची यांत्रिक प्रशाला होती. ती या राजवटीच्या मोठ्या छळकेंद्रांपैकी एक होती. प्रेक्षकांचा जल्लोष आपल्या कानी पडत असे, असे तेथून वाचलेल्या बंद्यांनी पुढे सांगितले. आपल्या विजयाचा प्रचारासाठी वापर झाला, याची खंत आर्दिलेससारख्या खेळाडूंनी नंतर व्यक्त केली. अशा रीतीने केम्पेसच्या यशाच्या परमोच्च क्षणाला देशाच्या इतिहासातील एका काळ्या पर्वाची पार्श्वभूमी कायमची चिकटली.

स्पर्धेनंतर व्हॅलेन्सियाकडून खेळताना १९७९ च्या स्पॅनिश राजचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने रेआल माद्रिदविरुद्ध दोन्ही गोल केले. १९८० मध्ये व्हॅलेन्सियाने युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आर्सेनलवर पेनल्टी किकद्वारे मात केली. यात केम्पेसची किक मात्र हुकली. त्या वेळी क्लबाचा प्रशिक्षक आल्फ्रेदो दी स्तेफानो हा अर्जेंटिनाचाच पूर्वकालीन थोर आघाडीवीर होता. १९८१ मध्ये केम्पेस रिव्हर प्लेट क्लबाकडे आला व त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात सहभागी झाला. नंतर तो पुन्हा स्पेनला गेला. स्पेनमधील १९८२ च्या विश्वकरंडक स्पर्धेत त्याने दहा क्रमांकाचा पोशाख मारादोनाला दिला; त्या स्पर्धेत त्याला गोल साधला नाही व त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्दही तेथेच संपली. देशासाठी त्याने ४३ सामन्यांत २० गोल केले. पुढे अलिकांतेचा एर्कुलेस हा क्लब व ऑस्ट्रियातील काही क्लब यांकडून तो खेळला. इंडोनेशिया, अल्बानिया, व्हेनेझुएला व बोलिव्हिया या देशांत त्याने प्रशिक्षक म्हणूनही काम केले. त्यानंतर तो दूरचित्रवाणीवर सामन्यांचे समालोचन करू लागला.

तीन विश्वकरंडक स्पर्धांत केम्पेस १८ सामने खेळला; परंतु त्याचे सहाही गोल १४ ते २५ जून १९७८ या बारा दिवसांतील तीन सामन्यांत झाले. विश्वकरंडकाच्या इतिहासात त्याचे स्थान या बारा दिवसांवरच अधिष्ठित आहे. १९७८ च्या स्पर्धेसाठी कॉर्दोबा येथे बांधलेल्या क्रीडागारास २०१० मध्ये त्याचे नाव देण्यात आले. नौदलाच्या त्या प्रशालेचे स्मृतिसंग्रहालयात रूपांतर झाले असून, २०२३ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. जून १९७८ ची स्मृती अर्जेंटिनात या दोन्ही वास्तूंच्या रूपाने जतन झाली आहे.