कौल, दृष्टान्त आणि निर्णय : मराठी ख्रिस्ती परंपरेतील ईश्वरी मार्गदर्शन

मराठी लोकधर्मात देवतेशी होणाऱ्या संवादाचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे आहेत. येरमाळ्याच्या येडेश्वरीस भक्त नवस बोलतो, तेव्हा काय हवे हे त्याने आधीच ठरविलेले असते; कोकणात व गोव्यात तो देवाला कौल लावतो, तेव्हा काय करावे हेच त्याला विचारावयाचे असते. मूर्तीस लावलेली पाकळी उजवीकडे पडली की होकार मिळाला. ही रीत बायबललाही सर्वस्वी अपरिचित नाही. यहूदाच्या रिक्त जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. तथापि मराठी बायबलमध्ये अधिक अर्थवाही ठरतो तो 'दृष्टान्त' हा शब्द. पौलाला रात्री झालेले दर्शन आणि येशूने सांगितलेली बोधकथा, या दोहोंसाठी तो योजिला जातो. पहिल्या अर्थी आज्ञा ऐकावयाची असते. दुसऱ्या अर्थी मर्म शोधावयाचे असते.

या दोन वृत्ती टिळक दांपत्याच्या चरित्रात समोरासमोर येतात. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडून साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. दोन्ही प्रसंगी अंतःप्रेरणा निर्णायक ठरली. पहिल्या निर्णयाचे मोल मात्र लक्ष्मीबाईंना काही वर्षांच्या ताटातुटीने द्यावे लागले. त्यांचा स्वतःचा मार्ग निराळा होता. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, या नित्याच्या प्रश्नाचा विचार करीत जातिभेद ईश्वरनिर्मित नव्हे, या निष्कर्षास त्या आल्या. बाप्तिस्मा त्यांनी त्यानंतर, १९०० मध्ये घेतला.

पंडिता रमाबाईंच्या ठायी या दोन्ही वृत्ती एकवटलेल्या दिसतात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० निराश्रित मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या. द्रव्याची निश्चिती नव्हती. आधार प्रार्थनेचा होता. परंतु त्या प्रार्थनेमागे प्रत्यक्ष पाहणी होती, आणि १८७४ मध्ये उपासमारीने गेलेल्या मातापित्यांची स्मृतीही होती.

केडगावचे मुक्ती मिशन टिकले. १९१९ मध्ये टिळक निवर्तल्यावर दरबार फार काळ तग धरू शकला नाही. एवढ्यावरून एक प्रेरणा खरी व दुसरी खोटी ठरत नाही. प्रेरणेचा उगम इतिहासाच्या कक्षेबाहेरचा आहे. निर्णयापूर्वी कोणाला विचारले गेले आणि त्याची झळ कोणी सोसली, हे मात्र इतिहासाला विचारता येते, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे.