साक्षीदारांच्या सह्या

इ. स. १७७३ मध्यें लंडन येथें एक लहानसा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीं एक साक्षीपत्र छापलेलें आहे. बॉस्टन शहरांतील अठरा प्रतिष्ठित गृहस्थांनीं त्यावर नांवें घालून ग्वाही दिली कीं, या कविता एका तरुण आफ्रिकन गुलाम मुलीनेंच लिहिल्या आहेत. गव्हर्नर टॉमस हचिन्सन व पुढें स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा जॉन हॅन्कॉक हे दोघेही त्यांत होते.

ती मुलगी म्हणजे फिलिस व्हीटली. इ. स. १७६१ मध्यें ती गुलामांच्या जहाजांतून बॉस्टनला उतरली, तेव्हां तिचे दुधाचे दांत पडत होते. त्यावरून तिचें वय सात-आठ वर्षांचें ठरविण्यांत आलें. जहाजाचें नांव फिलिस, म्हणून तीही फिलिस. व्हीटली हें मालकाचें आडनांव. आईबापांनीं ठेवलेलें नांव कोणीं टिपून ठेवलें नाहीं. मालकाच्या घरच्या मंडळींनीं तिला शिकविलें, याचें श्रेय मात्र त्यांस दिलेंच पाहिजे.

मग साक्षीपत्र कशाला? डेव्हिड ह्यूमसारख्या थोर तत्त्ववेत्त्यानें इ. स. १७५३ मध्यें एका निबंधाच्या तळटीपेंत ठोकून दिलें होतें कीं, गोऱ्यांवांचून अन्य वर्णाचें सुधारलेलें राष्ट्र कधीं झालेंच नाहीं. (चीन व हिंदुस्थान त्याच्या नजरेंतून कसे सुटले, कोण जाणे!) जमेकांतील एका विद्वान कृष्णवर्णीयाची तुलना त्यानें पोपटाशीं केली. इकडे दक्षिण कॅरोलायनांत, गुलामांच्या बंडानंतर, इ. स. १७४० च्या कायद्यानें गुलामाला लिहावयास शिकविणारास शंभर पौंड दंड ठरविलेला. एका हातानें पाटी हिसकावून घ्यावयाची आणि दुसऱ्या हातानें अडाणीपणाचा दाखला द्यावयाचा, असा हा न्याय. विद्याबंदी व दास्य यांचें हें नातें पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं अचूक ओळखलें होतें, इ. स. १८७३ मधील आपली 'गुलामगिरी' त्यांनीं अमेरिकेंतील गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या लोकांस अर्पण केली, ती उगीच नव्हे.

सह्यांचाही फारसा उपयोग झाला नाहीं. शेंकडों गुलामांचा धनी असलेल्या टॉमस जेफर्सननें फिलिसच्या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहींत, असा निकाल दिला. तिच्या दुसऱ्या संग्रहास अमेरिकेंत प्रकाशक मिळाला नाहीं. इ. स. १७८४ मध्यें ती दारिद्र्यांत वारली.

फ्रेडरिक डग्लसची कथा याहून चमत्कारिक आहे. बाल्टिमोरच्या मालकिणीनें त्याला अक्षरें शिकविण्यास आरंभ केला, तों मालकानें तिला थांबविलें. अक्षरांचें मोल त्या पोराला तेथेंच कळलें. पुढचें वाचन तो रस्त्यावरच्या गोऱ्या मुलांकडून भाकरीच्या तुकड्यांच्या मोबदल्यांत शिकला. इ. स. १८३८ मध्यें तो पळाला व इ. स. १८४५ मध्यें त्यानें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. मुखपृष्ठामागील पहिल्याच पानावर 'स्वतः लिहिलेलें' असें स्पष्ट छापलेलें. तरीही प्रारंभीं गॅरिसनची प्रस्तावना व वेंडेल फिलिप्सचें पत्र जोडावें लागलें. पुस्तकांत खरीं नांवें असल्यामुळें पकडला जाण्याचें भय उत्पन्न होऊन डग्लसला ब्रिटनला जावें लागलें. तेथील स्नेह्यांनीं इ. स. १८४६ मध्यें दीडशें पौंड भरून त्याला मालकापासून सोडविलें.

इ. स. १८५५ मध्यें त्यानें आपलें चरित्र पुनः विस्तारानें लिहिलें. या वेळीं प्रस्तावना डॉक्टर जेम्स मॅक्यून स्मिथ यांची आहे. हे गृहस्थ स्वतः कृष्णवर्णीय. अमेरिकेंतील महाविद्यालयांनीं दार लावल्यामुळें ग्लासगोस जाऊन वैद्यकाची पदवी घेऊन आलेले.