फगल हॉपची जन्मकथा : एका परिच्छेदावर किती विसंबायचं?

संशोधनात 'हे तर सगळ्यांना माहीतच आहे' अशी गोष्ट समोर आली की आधी दोन प्रश्न विचारायचे. ती पहिल्यांदा कोणी लिहिली? आणि घटनेनंतर किती वर्षांनी? आज उदाहरण घेऊ फगल या इंग्लिश हॉपचं.

हॉप ही वेल आहे. मादी वेलीच्या शंकूसारख्या तुऱ्यांत पिवळी भुकटी असते, तिच्यात राळ आणि सुगंधी तेलं. बिअरसाठी माल्टचा रस उकळताना तुरे सुरुवातीला टाकले तर कडवटपणा उतरतो, शेवटी टाकले तर वास टिकतो. फगलमध्ये कडवटपणा देणारी अल्फा आम्लं साधारण ३ ते ५.५ टक्केच. वास मातीचा, लाकडाचा, किंचित गवताचा. त्यामुळे बिटर, माइल्ड, पोर्टर अशा इंग्लिश बिअरमध्ये तो छान मिसळून जातो. विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमधलं बहुतांश हॉपचं पीक फगलचंच होतं. पुढे व्हर्टिसिलियम विल्ट या मर रोगाने त्याचं क्षेत्र घटलं.

आता जन्मकथा. केंटमधल्या हॉर्समंडन गावच्या जॉर्ज स्टेस यांच्या बागेत एक रोप आपोआप उगवलं. हॉप-तोडणीच्या वेळची जेवणाची टोपली झटकताना तुकड्यांबरोबर बी पडलं होतं म्हणे. रोप दिसलं सुमारे १८६१ मध्ये, आणि ब्रेंचलीच्या रिचर्ड फगल यांनी ते सुमारे १८७५ मध्ये बाजारात आणलं. हे लिहिलं जॉन पर्सिव्हल या कृषी-वनस्पतिशास्त्रज्ञाने, १९०१ मध्ये.

म्हणजे रोप दिसल्यानंतर तब्बल ४० वर्षांनी! दोन्ही सालांआधी 'सुमारे' आहे. नंतरच्या लेखनात मात्र तो शब्द अनेकदा गळतो आणि अंदाजाची तारीख पक्की होऊन बसते.

मग कथा फेकून द्यायची का? नाही. तिचे तुकडे करायचे. वनस्पतिशास्त्राचा तुकडा टिकतो : इंग्लंडच्या हॉप-मळ्यांत नर वेलीही ठेवत, त्यामुळे तुऱ्यांत बी धरायचं आणि बियापासून नवा वाण निघू शकायचा. इथे पर्सिव्हल यांचा अधिकार मान्य. पण कोण कुठे राहत होतं, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी १८६१ आणि १८७१ च्या जनगणना, चर्चच्या नोंदी, वर्तमानपत्रांतल्या रोपविक्रीच्या जाहिराती बघाव्या लागतात. बिअरच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी अलीकडे या कथेच्या तपशिलांवर प्रश्न उभे केलेत. एखादी गोष्ट शक्य आहे म्हणून ती घडलीच, असं होत नाही.

दुसरा सापळा नावाचा. स्लोव्हेनियात 'स्टायरियन गोल्डिंग' नावाचा प्रसिद्ध हॉप आहे. गोल्डिंग हा इंग्लंडचा दुसरा जुना वाण, पण स्टायरियन गोल्डिंग मुळात निघाला फगल! हॉपची लागवड मुळांच्या तुकड्यांपासून होते, त्यामुळे झाड तेच राहतं. नाव मात्र वाटेत बदलू शकतं. फगलच्या प्रसाराचा अभ्यास करणाऱ्याने दप्तरात फक्त 'फगल' शोधलं तर स्लोव्हेनियाचा अख्खा धागा निसटेल.

तुमच्या विषयातलं असंच एक 'सर्वमान्य' विधान आज निवडा. वहीत तीन रकाने आखा : घटना कधीची, पहिली नोंद कधीची, नोंदणाऱ्याला ते कसं कळलं. तिसरा रकाना कोरा राहिला, तर संशोधनाचा प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.