एका लक्ष्मीला किती दगड?

निघोजे बंधाऱ्यावर उभे राहा. आळंदीकडे पाठ, देहूकडे तोंड. मागे चाकणच्या कारखान्यांची घरघर, समोर जलपर्णीखाली दडलेली इंद्रायणी. आता प्रवाहाच्या उलट निघा. देहू, इंदोरी, कामशेत मागे पडतील, तशी वर्षंही मागे पडू द्या. मळवलीला पोचाल तेव्हा सन 1900 असेल. वर लोहगड-विसापूर जागच्या जागी, आणि खाली राजा रविवर्मांचा छापखाना. 1894 साली गिरगावात निघालेला हा कारखाना घाटकोपर करून गेल्याच वर्षी इथं आलाय.

आत शिरताच शाईतल्या जवसाच्या तेलाचा वास येतो. बव्हेरियाहून आणलेल्या गुळगुळीत दगडावर एक कारागीर वाकलाय. टाकानं ठिपके देतोय, ठिपक्याला ठिपका. लक्ष्मी उलटी आहे, उजवा हात डाव्याच्या जागी. तुम्ही नकळत बोट पुढे करता आणि तो खेकसतो, “अहो, हात नका लावू! बोटाचं तेल दगड धरतो, छापात उमटेल.”

सगळी करामत त्या तेलाचीच. दगडावर पाणी फिरवलं की तेलकट ठिपके ते झिडकारतात, बाकीचा दगड ओला राहतो. रुळाची शाई मग ठिपक्यांनाच चिकटते. प्रत्येक रंगाला दगड वेगळा. पहिल्या फेरीचा कागद हातात घ्या: नुसते फिके पिवळे डाग, यात देवी कुठली! गुलाबी चढला की गाल दिसू लागतो, करडा-निळा आला की हनुवटीखाली सावली पडते. एखाद्या कागदावर लाल केसभर सरकतो आणि ओठ ओठाबाहेर जातो. मला विचाराल तर पाहण्यासारखे कागद तेच. रंग कसे एकावर एक बसवलेत ते तिथंच उघडं पडतं.

साता समुद्रापलीकडेही हेच चाललंय. अमेरिकेतल्या रिचमंडच्या ‘ॲलन अँड गिंटर’नं 1887 साली सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची बोटभर रंगीत चित्रं घातली, पाकीट चेपू नये म्हणून. तिथल्या खेळाडूंचे गालही ठिपक्यांचेच. न्यूयॉर्कच्या ‘ओल्ड जज’ सिगारेटवाल्यांनी मात्र पुठ्ठ्यावर फोटो डकवले. स्टुडिओत चेंडू दोऱ्यानं टांगून खेळाडूला झेलायला उभं करायचे. काही फोटोंत तो दोरा चक्क दिसतो!

मळवलीच्या छापावर नाव रविवर्मांचं. ठिपकेवाल्याचं कुठंच नाही.

हा छापखाना 1972 साली आगीत जळाला. म्हणून आजोळच्या माळ्यावर अशी जुनी तसबीर सापडली, तर रद्दीत घालण्याआधी गालावर भिंग धरा. ठिपके एकसारख्या जाळीत बसलेले असतील तर ती अलीकडची नक्कल. लहानमोठे, वेडेवाकडे असतील तर ते कुणीतरी हातानं दिलेत; ती तसबीर टाकू नका.