मुलगा आहे का?

काही वर्षांपूर्वी मी आमच्या शेजारच्या आजींबरोबर एका कचेरीत गेलो होतो. आजींनी सत्तरी ओलांडलेली. यजमान वारलेले, नावावर जमीन नाही, सारा जन्म दुसऱ्याच्या शेतात खुरपणी-काढणी करण्यात गेला. अनुदानासाठी अर्ज द्यायचा होता. टेबलामागच्या गृहस्थांनी कागद चाळले आणि मान वर न करताच विचारले, "मुलगा आहे का?" आजी म्हणाल्या, "हाय की, एक हाय." "मग तुम्ही निराधार कशा?"

आजी माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या. मी इतिहासाचा मास्तर. पण त्या वेळी मलाही काही बोलता आले नाही. परतीच्या एस्टीत बसल्यावर मात्र वाटले, त्या गृहस्थांवर रागावून काय उपयोग? हा प्रश्न त्यांनी थोडाच शोधून काढला होता! तो चारशे वर्षांचा जुना आहे. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

आपल्याकडे जुन्या काळी म्हाताऱ्या माणसाला कोण पोशी? ज्याला वतन होते त्याला वतन पोशी. पाटील थकला तरी पाटीलकी घरातच राही, सुताराचे हात चालेनासे झाले तरी बलुते त्याच्या घरी येतच असे. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांना मराठी राज्यात 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक मिळे. पण ज्याला वतन नाही, बलुते नाही, जो नुसता मजूर, त्याच्या म्हातारपणाची तजवीज कुठे लिहिलेली? धर्मशास्त्रात मुलावर ते कर्तव्य घातलेले होते, आणि मिताक्षरेसारख्या ग्रंथांत, वडिलांची इस्टेट हाती येवो न येवो, हे कर्तव्य चुकत नाही, असे धरले आहे. परंतु मुलगाच उपाशी असला तर काय, हा प्रश्न उरतोच. आपण हे सारे 'एकत्र कुटुंब' या दोन शब्दांत गुंडाळून टाकतो. माझ्या मते त्यात निम्मे सत्य आहे आणि निम्मा अभिमान.

हा प्रश्न सरकारी कायद्यात लिहिला तो इंग्लंडने. १६०१ साली एलिझाबेथ राणीच्या कारकीर्दीत गरिबांचा कायदा झाला. प्रत्येक चर्चच्या हद्दीतील गावकऱ्यांवर कर बसवायचा आणि त्यातून लुळे, आंधळे, म्हातारे यांना पोसायचे, अशी योजना होती. पण त्यातच कलम होते की, ऐपत असेल तर बाप, आजा, आई, आजी आणि मुले यांनी एकमेकांना पोसावे. म्हणजे मदत मागायला आलेल्या म्हाताऱ्याला पहिला प्रश्न हाच: मुलगा आहे का? एक गोष्ट ध्यानात ठेवा. या यादीत सून नव्हती. पुढे तिच्याकडे परत यायचे आहे.

१८३४ साली हा कायदा फार कडक झाला. मदत हवी तर 'वर्कहाउस'मध्ये येऊन राहा, असे धोरण पडले. तिथे पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. जन्मभर एकत्र संसार केलेल्या म्हाताऱ्या जोडप्यांचीही ताटातूट होई. मदत घेणाऱ्याला मताचा हक्क नसे. लोक मरण पत्करत, पण त्या दारात जायला नको म्हणत.

मग १९०८ साली, लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना, वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून पैसे मिळू लागले. वय सत्तर पुरे, उत्पन्न वर्षाला २१ पौंडांच्या आत, की आठवड्याला ५ शिलिंग. पैसे पोस्टात मिळत, आणि पेन्शन घेतली म्हणून मताचा हक्क जात नसे. रक्कम लहानच होती. पण भिक्षेच्या जागी हक्क आला, हा फरक लहान नव्हता.

इथे एक गंमत सांगतो. शिक्षक मंडळींना ती विशेष पटेल. आयर्लंड तेव्हा इंग्लंडच्याच राज्यात होते. तिथे सर्वांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासूनची. तेव्हा १९०९ साली सत्तर वर्षांच्या माणसाने दाखला आणायचा कुठून? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडात प्रचंड वादळ झाले होते. "ते मोठे वारे तुम्हांला आठवते का?" असे विचारून वयाची परीक्षा होऊ लागली. साहजिकच ते वारे पुष्कळांना आठवू लागले! आपल्याकडे तरी काय निराळे आहे? "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी धुणं धुवायला जायचे," "बहात्तरच्या दुष्काळात माझं लग्न झालं होतं," असेच वय सांगतात ना आपल्या आयाबाया? आणि मग त्यांची नातवंडे तुमच्या शाळेत येतात. शाळेचे जुने जनरल रजिस्टर काढून, त्यातली वाळवीने खाल्लेली ओळ वाचून आपण जो दाखला लिहून देतो, त्यावर एखाद्या म्हातारीचे पैसे सुरू होतात. ज्या बाईने शाळेचे तोंडच पाहिले नाही, तिची मात्र पंचाईत होते.

इंग्लंडने पुढे १९४८ साली नवा कायदा करून जुना गरिबांचा कायदा रद्द केला, आणि आईबापांना पोसण्याची मुलांवरची कायदेशीर सक्तीही त्याबरोबर गेली. चारशे वर्षांचा प्रश्न ज्या देशाने कायद्यात लिहिला, त्यानेच तो खोडला. परंतु त्याच वर्षी एक गाठ बसली, ती आजही सुटलेली नाही. दवाखाना सर्वांना मोफत झाला. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न्हाऊ घालणे, भरवणे, कूस बदलणे ही कामे दवाखान्याची नव्हेत, असे ठरले. ती स्थानिक संस्थांकडे गेली, आणि तिथे ऐपत पाहून पैसे द्यावे लागतात.

श्रोतेहो, आजच्या विषयाचे मर्म इथेच आहे. म्हातारपणाचा खर्च दोन प्रकारचा असतो. एक धान्याचा आणि एक हातांचा. धान्याचा खर्च मोजता येतो. हातांचा कोणी मोजत नाही, कारण ते हात बहुधा घरातल्याच बाईचे असतात.

आमच्या आजींचेच पाहा. पुढे त्या अंगणात पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली, एक रुपया लागला नाही. सगळे म्हणाले, सुटलो. पण आजी त्यानंतर धड उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचे अंथरूण, आंघोळ, सारे सुनेवर आले. ती पूर्वी रोज मजुरीला जायची, ती घरात बसली. तिचा रोज बुडाला, तो कोणत्या खात्यात लिहायचा? आता २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळण्याची सोय झाली आहे. चांगलेच झाले. पण इस्पितळातून घरी आल्यावरचे दिवस त्यात येत नाहीत.

हे हात मोजण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांत जर्मनी आणि जपान हे ठळक आहेत. जर्मनीने १९९५ साली शुश्रूषेचा विमा सुरू केला. आजाऱ्याची काळजी घरचेच माणूस घेणार असेल तर त्यासाठी रोख रक्कम मिळू लागली. जपानची हकिगत आपल्याला जास्त जवळची आहे, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

जपानातही थोरल्या मुलाने घर सांभाळायचे आणि त्याच्या बायकोने सासूसासऱ्यांची सेवा करायची, अशी रीत. १९७३ साली तिथे सत्तरीच्या पुढच्यांना औषधपाणी मोफत झाले. परिणाम काय झाला? घरी करणारे कोणी नाही म्हणून म्हातारी माणसे महिनोन्‌महिने इस्पितळातच राहू लागली. आजार नव्हे, एकटेपणा त्यांना तिथे ठेवी. इस्पितळाची खाट फार महाग. सरकारचे कंबरडे मोडू लागले. अखेर १९९७ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २००० पासून शुश्रूषा-विमा सुरू झाला. चाळीस वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाने वर्गणी भरायची. निम्मा पैसा वर्गणीचा, निम्मा सरकारी करांचा. कारभार गावच्या व शहरच्या स्थानिक संस्थांकडे. माणसाला किती मदतीची गरज आहे हे घरी येऊन तपासायचे, पायऱ्या ठरवायच्या, आणि त्याप्रमाणे मदतनीस घरी पाठवायचा किंवा दिवसाच्या केंद्रात न्यायचे. सुरुवातीला खर्चाचा दहावा हिस्सा घेणाऱ्याने द्यायचा होता.

आता मोठा वाद झाला तो असा. जर्मनीसारखे घरच्यांना रोख पैसे द्यावेत का? आपण म्हणू, द्यावेत, त्यात काय बिघडले? पण जपानच्या स्त्री-संघटनांनी कडाडून विरोध केला. त्यांचे म्हणणे, पैसे दिलेत की घरचे लोक सुनेला म्हणतील, आता तुला पैसे मिळतात, बस घरात. पैसे घरात येतील आणि ती मात्र दोन्हीकडून बांधली जाईल. म्हणून रोख नको, माणूस पाठवा. सरकारने ते मानले.

कायदा सुरू होण्याच्या तोंडावर, १९९९ च्या अखेरीस, सत्ताधारी पक्षाचे कामेई शिझुका म्हणून एक वजनदार पुढारी होते, त्यांनी ऐन वेळी मोडता घातला. मुलांनी आईबापांचे करावे ही आपली सुंदर रीत आहे, ती या विम्याने बुडेल, असा त्यांचा आक्षेप. त्यापायी पासष्टीच्या पुढच्यांची वर्गणी पहिले सहा महिने माफ झाली आणि पुढचे वर्षभर निम्मी. विमा मात्र थांबला नाही. सुंदर रीत, हे शब्द ऐकले की मला आपल्याकडची व्यासपीठे आठवतात. रीत सुंदर असतेच. ती पाळणारीला कोणी विचारले का, एवढेच पाहायचे.

तिथे सारे गोड झाले असे मात्र समजू नका. पासष्टीच्या पुढच्यांची वर्गणी सुरुवातीला महिन्याला सरासरी सुमारे २९०० येन होती, ती २०२४ ते २०२६ साठी सुमारे ६२०० झाली. काम करायला माणसे मिळत नाहीत. आणि सुनांची कामे संपलेली नाहीत, हेही जपानने कबूल केले. १ जुलै २०१९ पासून तिथे असा नियम झाला की, सासूसासऱ्यांची फुकट सेवा केलेल्या सुनेला, ती वारस नसली तरी, वारसांकडून पैसे मागता येतात.

आता घरी परत येऊ. आपण कोणती वाट धरली? इंग्लंडने मुलांवरची सक्ती १९४८ साली काढली, आणि आपण स्वातंत्र्यानंतर ती पक्की केली. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगा आणि मुलगी दोघांवरही थकलेल्या आईबापांचा भार घातला. १९७३ च्या फौजदारी संहितेने आईबापांना पोटगी मागण्याची सोय दिली. पूर्वीच्या, १८९८ च्या संहितेत ती फक्त बायकोला व मुलांना होती. १९८७ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लग्न झालेल्या मुलीवरही ही जबाबदारी आहे असे ठरवले. मग २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. त्याचा उपयोग असा: वकील न लावता साध्या अर्जाने प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे जाता येते, आणि महिन्याला १० हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे जमीन किंवा घर करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते खत रद्द करून घेता येते. मात्र ही अट खतात लिहून घ्या. तोंडी विश्वासावर सही करणारे पुष्कळ आईबाप मी पाहिले आहेत. याही कायद्यात 'मुले' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेला व जावयाला त्यात घालण्याचे विधेयक २०१९ साली आले होते, ते कायदा झाले नाही.

पैशाची वाट निराळी. १९५७ साली उत्तर प्रदेशाने वृद्धांना पेन्शन सुरू केली. महाराष्ट्राने १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना काढली. पुढे पासष्टीच्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ योजना आली. केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ पासून महिन्याला ७५ रुपये दिले. २००७ पर्यंत ते २०० झाले, आणि २०११ साली ऐंशीच्या पुढच्यांना ५०० ठरले. महाराष्ट्रात राज्याची भर धरून २०२३ साली ही रक्कम दीड हजारावर आली. श्रावणबाळासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा कित्येक वर्षे २१ हजार रुपये होती. इंग्लंडचे १९०८ चे २१ पौंड आठवले का? निव्वळ योगायोग, पण मला हसू आले खरे.

हातांचे काय, तर त्या बाबतीत केरळने थोडे केले आहे. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी २००८ साली तिथे धोरण ठरले आणि ग्रामपंचायतींमार्फत परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. 'आश्वासकिरणम्' नावाच्या योजनेत, काळजी घेणाऱ्या माणसासाठी महिन्याला ६०० रुपये ठेवले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सेवा करणारीचे नाव सरकारी कागदावर आले.

आमच्या आजींना मी २००७ चा कायदा समजावून सांगितला होता. त्या म्हणाल्या, "लेकावर अर्ज करू व्हय? त्यो काय मला उपाशी ठेवतोय?" तो ठेवत नव्हताच. अनुदानाचा अर्ज पुन्हा केला, या वेळी उत्पन्नाचा दाखला नीट जोडला, आणि पैसे सुरू झाले. पहिला हप्ता आला तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. बँकेत अंगठा द्यायला त्यांना रिक्षात घालून न्यावे लागले, आणि त्या दिवशी मुलाचा नि सुनेचा, दोघांचाही रोज बुडाला.